लष्करी हेलिकॉप्टरमधली दहा मिनिटं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने घेतलेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाच्या हातात माइक दिला की तो एक तर ठेवींच्या व्याजावर बोलतो, नाही तर पेन्शनवर. आज दोन्ही नाही. आजचा विषय सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लावलाच होता : 'लष्करी हेलिकॉप्टरमधून हौसेची सफर'. त्याच्याखाली कोणी तरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मेंटेनन्सच्या पैशातून का?' तर तसं नाही. खर्च मुलाचा होता आणि गोष्ट २०१४ सालची आहे, त्यामुळे ऑडिटरनाही बोलावायचं कारण नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण जिन्यात भेटून तिघांनी मला विचारलं, "आम्हालाही मिळेल का हो तिकीट? पुण्याला कुठे तरी ओळख असेल ना?" आपल्या देशात सैन्याचं हेलिकॉप्टर हौसेसाठी मिळत नाही. जुहूहून पूर्वी सफरी निघायच्या, त्या नागरी कंपनीच्या हेलिकॉप्टरच्या. लष्करी हेलिकॉप्टरात तुमच्या-माझ्यासारखा माणूस बसतो तो बहुतेक वेळा काही तरी बिघडलेलं असतं म्हणून. पूर आला, दरड कोसळली, बर्फात रस्ता बंद झाला, कोणी अत्यवस्थ आहे, अशा वेळी. नाही तर मग निवडणूक.

निवडणुकीचं सांगतो. गडचिरोलीच्या आतल्या भागात मतदानाचं पथक न्यायचं तर रस्त्यानं नेणं धोक्याचं. म्हणून कर्मचारी आणि मतदान यंत्रं हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं तळापर्यंत नेतात, आणि तिथून पुढे केंद्रापर्यंत मंडळी पायी जातात. बँकवाल्यांनाही त्या कामाला लावतात, सूक्ष्म निरीक्षक म्हणून. माझा एक सहकारी असा जाऊन आला. निघताना ऑफिसात सगळ्यांनी त्याची थट्टा केली, "लेका, फुकट हेलिकॉप्टर!" परत आला तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की, पेट्या मध्ये, आम्ही कडेला, आणि कोणीही कोणाशी बोललं नाही. ते का, हे कळायला वेळ लागत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडात, बिजापूर जिल्ह्यात, मतदान पथकाला आणायला गेलेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर नक्षलवाद्यांनी गोळीबार केला. त्यात फ्लाइट इंजिनिअर सार्जंट मुस्तफा अली यांना प्राण गमवावे लागले. आपण शाई लावलेलं बोट दाखवून फोटो काढतो ना, त्या शाईच्या बाटलीचा प्रवास कधी कधी असाही झालेला असतो.

आणि २०१३. उत्तराखंडचा प्रलय. आपल्या बी विंगमधलं एक कुटुंब त्या जून महिन्यात गंगोत्रीच्या वाटेवर अडकलं होतं, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. आपण रोज संध्याकाळी त्यांच्या दाराशी जाऊन विचारायचो, फोन आला का. त्या वहिनी आज इथे आहेत. त्यांचं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय, म्हणून घेत नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता अमेरिका.

मुलगा तेव्हा अटलांटाला होता. अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांचा दिनक्रम इथल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे. पहिले दोन आठवडे कौतुक, पुढचे दोन मॉल, आणि मग शनिवारची वाट बघणं. मे महिना होता. एका शनिवारी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला लष्करी हेलिकॉप्टरात बसवतो." मला वाटलं, कुठल्या तरी प्रदर्शनात उभं असेल, आत बसून फोटो काढायचा असेल. तासाभरात आम्ही हॅम्प्टन नावाच्या गावी पोचलो. अटलांटाच्या दक्षिणेला, मोटारींच्या शर्यतीचं भलंमोठं मैदान आहे, त्याला लागूनच छोटी धावपट्टी. तिथे 'आर्मी एव्हिएशन हेरिटेज फाउंडेशन' नावाची संस्था आहे. ती सैन्याचा भाग नाही. निवृत्त वैमानिक, निवृत्त मेकॅनिक आणि हौशी लोक यांनी चालवलेली सेवाभावी संस्था. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली हेलिकॉप्टरं त्यांनी उडत्या अवस्थेत ठेवली आहेत. नुसती रंग देऊन चौथऱ्यावर उभी केलेली नाहीत, त्यांची चालू आहेत.

आणि इथे मला पहिला आनंद झाला, तो हेलिकॉप्टर बघून नव्हे, फॉर्म बघून!

हसू नका. फॉर्म बघण्यासारखा होता. सैन्यातून निवृत्त झालेलं असं यंत्र तिथे टॅक्सीसारखं भाडं घेऊन सर्रास चालवता येत नाही, विमान खात्याचे नियम कडक आहेत. मग या लोकांनी काय केलं? तुम्ही देणगी द्यायची आणि संस्थेचे सभासद व्हायचं. सभासद झालात की सभासद म्हणून तुम्हाला एक उड्डाण. म्हणजे भाडं नाही, तिकीट नाही, सभासदत्व! मी मुलाला म्हटलं, अरे, ही तर आपली सहकारी सोसायटी झाली. आधी शेअर सर्टिफिकेट, मग फ्लॅट. देणगी किती हे मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच रुपयांत गुणायला लागाल, आणि तेव्हा हिनं गुणलं होतं तेवढं पुरे आहे.

पुढे दुसरा कागद. काही झालं तर मी, माझे वारस वगैरे कोणीही दावा करणार नाही, असं लिहून द्यायचं. मी तो पूर्ण वाचला. मागे रांग लागली, मुलगा कानाशी पुटपुटला, "बाबा, सही करा हो, सगळे थांबलेत." मी म्हटलं, आयुष्यभर कर्जदारांना सांगत आलो, वाचून सही करा. आता स्वतःच्या जिवाचं तारण देताना न वाचता कशी करू? टेबलामागची बाई हसून म्हणाली, वाचा, वाचा, न वाचणारेच जास्त येतात.

हिनं मात्र सही करायला नकार दिला. "दोघांनी एकदम जायचं काही कारण नाही," असं म्हणून ती कुंपणाशी सगळ्यांच्या टोप्या, पर्सेस सांभाळत उभी राहिली. टोप्या काढूनच ठेवाव्या लागतात. सुटी वस्तू अंगावर चालत नाही, कारण ती उडून मागच्या पंख्यात गेली की संपलं.

ज्या हेलिकॉप्टरात मी बसलो त्याचं लाडाचं नाव 'ह्युई'. चित्रपटात व्हिएतनाम आलं की जे दिसतं तेच. पहिलं उड्डाण १९५६ च्या ऑक्टोबरात. गंमत म्हणजे सैन्यानं ते मुळात मागवलं ते जखमींना उचलून आणायला, उडती अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून. बंदुका नंतर आल्या. पुढे अशी १६,००० च्या वर बनली. त्यातली सुमारे ७,००० व्हिएतनामला गेली आणि जवळजवळ निम्मी तिथेच संपली. ताळेबंद वाचायची सवय असलेल्या माणसाला हा आकडा वाचल्यावर पुढचं वाक्य पटकन वाचवत नाही.

त्याचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. डब्-डब्-डब्-डब्. वर दोनच पाती, पण टोकापासून टोकापर्यंत ४८ फूट, म्हणजे आपल्या गच्चीवर ते फिरायला लागलं तर पाण्याची टाकी आधी जाईल. पात्याचं टोक इतक्या जोरात फिरतं की पुढे झेपावताना त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या जवळ जातो, म्हणून ते हवेला थोबाडीत मारल्यासारखं वाजतं. मैलावरून ऐकू येतं. तिथला एक स्वयंसेवक म्हणाला की जंगलात जखमी होऊन पडलेल्या माणसाला हेलिकॉप्टर दिसायच्या खूप आधी हा आवाज यायचा. त्या पिढीतल्या कित्येकांना तो अजून झोपेतून उठवतो. कोणाला आनंदानं, कोणाला दुसऱ्या कशानं.

आता प्रत्यक्ष सफर. सूचना एक मेकॅनिक देतो. सत्तरीचा असावा, हाताला काळं तेल. शेपटीकडे जायचं नाही. पुढून, वैमानिकाला दिसेल असं, थोडं वाकून जायचं. कानात स्पंजचे बोळे. पट्टा कसा लावायचा, आणि त्याहून महत्त्वाचं, कसा सोडायचा. आत गाद्याबिद्या काही नाहीत. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांवर ताणलेलं कापड, आपल्या जुन्या कॅम्प कॉटसारखं. आणि दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे. उघडे म्हणजे सताड उघडे. मी विचारलं, हे कधी लावणार? तो म्हणाला, लावणार नाही.

इंजिन सुरू होताना आधी एक बारीक शिट्टी येते, प्रेशर कुकरला यायच्या आधी होते तशी सूं-सूं. मग पाती आळसावल्यासारखी एक फेरी मारतात, दुसरी मारतात, आणि मग ती दिसेनाशी होतात. रॉकेलसारखा वास येतो. मला एकदम आमच्या जुन्या घरातला स्टोव्ह आठवला, खोटं कशाला सांगू. पूर्ण सांगाडा थरथरतो. ते जमिनीवरून उचललं गेलं तेव्हा मला कळलंच नाही, कुंपण खाली गेलं म्हणून कळलं. चाकं नसतात त्याला, खाली दोन लांब दांडे असतात, घसरगाडीसारखे. थोडं अधांतरी राहिलं, नाक खाली घातलं आणि पुढे निघालं. वेग येताना एका ठिकाणी अंगावर काटा आल्यासारखं ते शहारतं. नंतर मुलानं सांगितलं की तो बिघाड नव्हे. एका जागी तरंगणाऱ्या पात्यांना पुढे जाताना ताजी हवा मिळायला लागली की असंच होतं, आणि तिथून पुढे उडणं सोपं जातं. मला हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खाली पाइनची झाडं, एक तळं, शर्यतीचं ते मैदान, मोटारी काड्यापेटीएवढ्या. मग वळण घेतलं. वळताना ते एका कुशीवर होतं आणि उघड्या दारातून तुम्ही थेट खाली बघता. पायाखाली नाही, समोर जमीन! पडत मात्र नाही. वळणाचा जोरच तुम्हाला आसनात दाबून धरतो. हे शाळेत शिकलो होतो, दोरीला बांधलेली बादली फिरवली तर पाणी सांडत नाही. पासष्टीला आलेल्या वयात स्वतः पाणी होऊन ते पटलं.

एकूण दहा मिनिटं, त्याहून कमीच असतील. मजा आली का? आली. पोटातून हसू येतं तसली मजा. पण मला बोलायचंय ते माझ्या शेजारच्या माणसाबद्दल.

माझ्या डावीकडे एक गृहस्थ बसले होते. माझ्याहून थोडे मोठे, जाड भिंगाचा चष्मा दोरीनं मागे बांधलेला. बसताना त्यांनी मेकॅनिकला काही तरी सांगितलं आणि दाराजवळची कडेची जागा मागून घेतली. मला वाटलं, हौशी आहेत. उड्डाणभर ते एकदाही हसले नाहीत की त्यांनी फोटो काढला नाही. नुसते बाहेर बघत होते. उतरल्यावर मी, आपली सवय, विचारलं, पहिलीच वेळ का? ते म्हणाले, नाही, दुसरी. पहिली वेळ १९६८ साली. तेव्हा मला आडवं टाकलं होतं, मला फक्त छत दिसलं. बाहेर काय होतं ते बघायचं राहून गेलं होतं.

एवढंच. पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांची मुलगी त्यांना गाडीकडे घेऊन गेली. मीही त्यांच्याएवढीच देणगी भरून, त्याच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसलो होतो. आकाश एकच, मिनिटंही तेवढीच.

परतताना गाडीत मुलाशी माझा वाद झाला. त्याचं म्हणणं, युद्धाचं यंत्र आहे, त्यात आपण टुरिस्टांनी किंकाळ्या मारत फिरावं हे बरं दिसत नाही. हिनंही त्याचीच बाजू घेतली. मी म्हटलं, तू हिशेब बघ. या यंत्राला तासाला तीनशे लिटरच्या वर इंधन लागतं. पाती, गिअरबॉक्स, एकेका भागाचे तास ठरलेले. तास भरले की तो भाग दिसायला चांगला असला तरी काढून टाकायचा. आपल्या लिफ्टच्या एएमसीचं बिल बघून सर्वसाधारण सभेत जो आरडाओरडा होतो, तो आठवा आणि त्याला तुमच्या कुवतीप्रमाणे गुणा. हे पैसे कोण देणार? आपल्यासारखे हौशी सभासद देतात, म्हणून ते उडत राहतं. आणि उडत राहिलं, म्हणून त्या गृहस्थांना सेहेचाळीस वर्षांनी बाहेर बघता आलं. चौथऱ्यावर उभं केलेलं असतं तर त्यांना पुन्हा छतच बघावं लागलं असतं.

माझं मत अजूनही तेच आहे. मात्र एक फरक करतो. सेवेत असलेलं हेलिकॉप्टर हौसेसाठी कोणालाही मिळू नये, मंत्र्याच्या नातेवाइकाला नको आणि मलाही नको. त्याचे तास मोजके असतात, आणि ते तास ज्याला दरडीखाली रस्ता उरलेला नाही त्याचे आहेत. निवृत्त यंत्राची गोष्ट निराळी. आपल्या हवाई दलानं जुनी काही विमानं उडती ठेवली आहेत. २०१८ साली एक डाकोटा दुरुस्त होऊन इंग्लंडहून परत आलं, 'परशुराम' नाव दिलं त्याला, ते तुम्ही वाचलं असेल. वास्कोला बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं संग्रहालय आहे, तिथे जुनी विमानं आणि हेलिकॉप्टरं उभी आहेत. गोव्याला जाल तेव्हा समुद्रावरून एक तास काढा आणि नातवंडांना घेऊन जा. त्यातलं एखादं हेलिकॉप्टर आपल्याकडेही असंच सभासद करून कोणी उडतं ठेवलं, तर माझा अर्ज पहिला. फॉर्म मी वाचूनच सही करीन.

आता वहिनींकडे येतो.

अमेरिकेहून आल्यावर मी ही सगळी हकिकत गणपतीत मांडवात सांगत होतो, हातवारे करून, वळण कसं घेतलं वगैरे. वहिनी आरतीची थाळी घेऊन उभ्या होत्या. मी सांगायचं थांबलो, कारण त्यांच्यासमोर हे बोलू की नको असं झालं. त्याच म्हणाल्या, "सांगा ना. थांबलात का?"

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. हर्सिलला लष्कराच्या तळाजवळ सात दिवस. शेवटी हवाई दलाचं मोठं हेलिकॉप्टर आलं, एमआय-१७. ते पंखा बंदच करत नव्हतं. जवानांनी दंडाला धरून एकेकाला आत टाकलं, म्हाताऱ्यांना आधी. बसायला जागा कसली, सगळे खाली जमिनीवर, एकमेकांच्या मांडीवर. यजमानांना पुढच्या फेरीत बसवलं, त्यामुळे ते येतायत की नाही हे कळायला धरासूला उतरल्यावर दोन तास गेले. "भावजी," त्या म्हणाल्या, "खिडकी माझ्या डोक्याशी होती. पण मी डोळे उघडलेच नाहीत. उतरेपर्यंत रामरक्षा म्हणत होते, आणि मला अर्धीच येते."

त्या मोहिमेत हवाई दलानं जवळजवळ वीस हजार माणसं बाहेर काढली. वहिनी उतरल्या, त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ जूनला, गौरीकुंडाजवळ त्याच जातीचं एक हेलिकॉप्टर कोसळलं. आतले वीसही गेले. हवाई दलाचे पाच, बाकीचे एनडीआरएफचे आणि आयटीबीपीचे जवान. वहिनींनी ते पेपरात वाचलं आणि देवघरात एक दिवा जास्तीचा लावायला सुरुवात केली. तो अजून लागतो. कोणाचा दंड कोणी धरला होता, त्याचं नाव काय, ते आज कुठे आहे, यातलं त्यांना काही ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात हा कार्यक्रम ठरला तेव्हा मी त्यांना विचारायला गेलो, तुमचा उल्लेख केला तर चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल, नाव नको. आणि म्हणाल्या, मुलानं व्हिडिओ काढला होता ना तुमचा? तो असेल तर दाखवा. वरून खाली कसं दिसतं ते मला एकदा बघायचंय. मात्र आवाज बंद ठेवा, तो मला पुष्कळ झालाय.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, तेवढा पडदा खाली घ्या. व्हिडिओ चार मिनिटांचा आहे, मध्ये थोडा हलतो, कारण मुलाचा हात थरथरत होता, त्यानं ते कबूल केलेलं नाही. उजवीकडचे दिवे बंद करा. वहिनी, तुम्ही पुढे या, इथून नीट दिसेल. आणि साउंडवाल्या दादांना सांगा, आवाज पूर्ण बंद.